आधीचा गडी का गेला

आमच्या घराण्यात पदवीधर झालेली मी पहिली. माझ्या आधी दहावीच्या पुढं गेलेला एक चुलतभाऊ होता, पण तो पुढं गेला म्हणजे पुण्याला गेला, वर्गात नाही. हे मी मिरवायलाच सांगते. शिकताना हाल आम्ही काढले, मग मिरवायला दुसऱ्या कुणाला बोलवायचं?

तर बी.कॉम. झाले, फोटो काढला, पेढे वाटले आणि नोकरी काही मिळेना. सोलापुरात आम्ही तिघी मुली एका खोलीत राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, "महिना सरंपतोर बघ. न्हाय जमलं तर ये घरी. डाळिंबं निवडायला बायका कमीच पडत्यात." त्यांनी हे मायेनंच सांगितलं होतं. पण सांगोल्याकडं आमच्या वस्तीवर, पोरीला शिकवून काय मिळालं हे विचारायला माणसं टपून बसली होती. डाळिंबाच्या क्रेटपुढं बसून त्या प्रश्नाला रोज उत्तर द्यायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. महिना सरत आला आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातून बोलावणं आलं. ऑफिसातली जागा होती: बिलं करायची, माल कुठं गेला ते बघायचं, व्यापाऱ्यांचे फोन घ्यायचे. हे गेलं तर दुसरं नव्हतं.

मुलाखतीची तयारी कॉलेजातल्या सरांनी आमच्याकडून करून घेतली होती. सर फार मनापासून शिकवायचे. "आमच्या कंपनीकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत, असं विचारलं की थोडं हसायचं, आणि म्हणायचं, शिकण्याची संधी, प्रगतीला वाव आणि सकारात्मक वातावरण." आख्ख्या वर्गानं हे पाढ्यासारखं पाठ केलं. हसण्यासकट. त्यानंतर एका कपड्यांच्या शोरूममध्ये मुलाखतीला गेले होते, तिथं प्लायवुडच्या भिंतीपलीकडून माझ्या आधीची मुलगी हेच म्हणताना मला ऐकू आलं. मग मी आत जाऊन तेच म्हणाले. माझ्या मागची बाहेर बसून माझं ऐकत होती, तिनंही दुसरं काय म्हटलं असणार. साहेबांनी "सकारात्मक"पर्यंत दम धरला आणि "वातावरण"ला जांभई दिली. नोकरी त्यांच्या भाच्याला मिळाली.

खरं तर अपेक्षा सांगायचं शिक्षण मला कॉलेजच्या कितीतरी आधी घरी मिळालेलं. आबा पुष्कळ वर्षं एका डाळिंबवाल्या बागायतदाराकडं सालगडी होते, म्हणजे वर्षाच्या बोलीनं राहिलेले गडी. पाडव्याला नवं साल धरायचं, आणि त्याआधी दोन्ही बाजूंनी बसून सगळं तोंडानं ठरवायचं, याला बोली म्हणतात. कागद नाही, सही नाही. दोन्हीकडची दोन-चार माणसं साक्षीला असतात आणि शेवटी चहा होतो. आबा एरवी कमी बोलणारे, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडाला धार यायची. भाकरी कुणाच्या चुलीवरची? पायताण वर्षाला एक का दोन? गावच्या जत्रेला सुट्टी किती? रोगानं शेरडू मेलं तर दोष कुणावर? मालक घाम पुसत उत्तरं द्यायचा. मी लहानपणी मामाच्या मांडीवर बसून हे सगळं बघायची, आणि मला वाटायचं नोकरीला राहतो तो नोकर नसून पाहुणा असतो, त्याची सोय लावावी लागते.

पण या सगळ्याच्या आधी आबांचा एक सवाल ठरलेला असायचा. "आदीचा गडी का गेला?"

एका साली जुनं काम सोडून ते नव्या मालकाकडं बोलीला गेले. त्या मालकानं या सवालावर आधीच्या गड्याला आळशी म्हटलं, चोर म्हटलं, त्याच्या बायकोलाही सोडलं नाही. आबांनी शांतपणे टोपी उचलली आणि घरी आले. घरात पीठ नव्हतं. आई भडकली. आबा म्हणाले, "आदल्याला शिव्या देतो त्यो उद्या मलाबी देणार. उद्याच्या शिव्या आजच कशाला घेऊ?" आई म्हणाली, "मग आज टोपी शिजवू का?" पुढं पंधरवड्यानं दुसरं साल मिळालं, पण आईनं त्या टोपीचा उद्धार वर्षभर केला.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी सांगोल्याच्या एसटीतून आबा आणि मामा उतरले. मामा कडक इस्त्रीत, आबांच्या डोक्यावर नवी टोपी. मी स्टँडवरच म्हटलं, "मुलाखतीला घरची माणसं नेत नसतात."

"बोलीला एकट्यानं जात नसत्यात," मामा म्हणाला. "उद्या मालक म्हनला, आसं काय आमचं ठरलंच नव्हतं, तर तू काय करणार? साक्षीला कोण?"

"मामा, ही बोली न्हवं."

"मग काय हाय? ती मानसं काम सांगणार, तू पगार इच्यारणार. ह्येला काय सत्यनारायण म्हनत्यात व्हय?"

आबा मात्र वेगळंच बोलायला लागले. "आमी भाईर बसतो. तू आत गप ऱ्हा. त्ये जे म्हनतील त्येला व्हय म्हन."

"तुम्ही कधी नुसतं व्हय म्हणाला होता?"

"माजं येगळं. मी बांधावरचा मानूस. तितं तुला खुर्चीवर बसवणार. खुर्चीवर बसून इच्यारायचं नसतं काय."

मला याचा राग आला. जमिनीवर बसलेल्या माणसाला तोंड आहे आणि खुर्ची मिळाली की ते काढून ठेवायचं, मग मी एवढी शिकले कशाला? पण वाद घालायला वेळ नव्हता. रिक्षात मी सरांचं वाक्य पुन्हा घोकलं, हसण्यासकट.

कारखाना म्हणजे एक लांब पत्र्याची शेड, आत ओळीनं माग, कडेला टॉवेलच्या शिलाईच्या बायका, आणि एका टोकाला काचेची खोली म्हणजे ऑफिस. माग चालू असले की तिथं प्रत्येक जण ओरडूनच बोलतो. आबा आणि मामाला दाराबाहेरच्या बाकड्यावर बसवून मी आत गेले. मालक सगळ्यांचे अण्णा होते, पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. ते फोनवर कानडीत कुणाशी तरी भाव करत होते. त्यांच्या शेजारी एक मॅडम, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या, समोर लॅपटॉप. प्रश्न मॅडम विचारणार होत्या. अण्णा फोन ठेवून टॉवेलच्या नमुन्यांची थप्पी चाचपत बसले, जणू मीही त्यातलीच एक घडी.

मॅडमनी जीएसटी विचारलं, ते मला येत होतं. ई-वे बिल विचारलं, तेही येत होतं. कानडी येतं का विचारलं, मी म्हटलं, भांडण्यापुरतं. अण्णांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं. आणि मग मॅडमनी ओरडून विचारलं, "आमच्या कंपनीकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत?"

अण्णा त्यांच्याकडं वळले. "हे काय विचारलालाव मॅडम? अपेक्षा आपल्या असतात की."

"विचारायची पद्धत आहे सर."

"बरं. विचारा की."

मी सरांनी सांगितल्यासारखी हसले. "शिकण्याची संधी," मी ओरडले. "प्रगतीला वाव," मी आणखी ओरडले. मागांचा आवाज एवढा की अण्णांनी कानाला हात लावला. "कुणाला वाव?"

"प्रगतीला."

"ती कोण?"

आता हे वाक्य पुन्हा पहिल्यापासून ओरडून सांगायचं, ही कल्पना मला झेपेना. मॅडमच्या चेहऱ्यावरही तीच जांभई दाटून आलेली दिसली, शोरूमच्या साहेबांची. माझ्या मनात आलं, नाहीतरी महिना संपलाच आहे. तिकडं डाळिंबं वाट बघतायत. जायचंच आहे तर निदान माझ्या तोंडानं बोलून जावं. म्हणून मी खुर्ची पुढं ओढली, श्वास भरून घेतला आणि सगळा जोर लावून विचारलं, "माझ्या आधी या जागेवर कोण होतं, आणि ते का गेलं?"

नेमकी त्याच क्षणाला लाइट गेली. सगळे माग एकदम थांबले, आणि "का गेलं" हे दोन शब्द आख्ख्या शेडभर फिरून आले. काचेपलीकडं कामगारांनी माना वळवल्या. बाहेरच्या बाकड्यावरून मामाचा आवाज आला, "इच्यारलं बगा दाजी पोरीनं." त्यानंतर आबांचा, "गप ऱ्हा की."

अण्णांनी नमुने बाजूला सारले. आवाज नसल्यामुळं त्यांना आता शांतपणे बोलता येत होतं, आणि शेजारी न बघता ते मनमोकळं बोलले. "आधीची ना? हुशार होती. कामाला वाईट नव्हती. पण लक्ष नव्हतं बघा. रोज दुपारी गाडी काढायची आणि गायब. आर्धा-पाऊण तास. मी काय बोललो नाही, बाईमाणूस आहे म्हणून. आता म्हणते, घरगुती अडचण आहे, सोडते. कसली अडचण आणि कसलं काय. आजकालच्या पोरींना टिकून काम नको."

मला आबांची टोपी आठवली. उठावं का, असा विचार करत मी मॅडमकडं पाहिलं. त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला.

"ती मीच," त्या मला म्हणाल्या.

मला वाटलं होतं मॅडम म्हणजे वरच्या कुणी. त्या आपली जागा भरायला आपणच माणूस शोधत होत्या, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. अण्णा घसा खाकरून म्हणाले, "मी तसं नाही म्हणालो."

"तसंच म्हणालात सर. त्यांनी विचारलंय तर मी सांगते." मॅडम माझ्याकडंच बघून बोलत होत्या, जणू अण्णा शेजारी नाहीतच. "मी दुपारी आत्याकडं जायची. इथून पुढं, स्कूटीवर."

"जेवायला," अण्णा म्हणाले.

"डबा मी इथंच खात होते. तुमच्यासमोर."

"मग कशाला?"

मॅडमनी अण्णांच्या खिशाकडं पाहिलं, तिथून किल्ल्यांचा एक मोठा जुडगा बाहेर लोंबत होता. मला कळलं. त्या खोलीतल्या दोन बायकांना कळलं आणि एका पुरुषाला कळेना. मग मीच विचारलं, "इथं बायकांसाठी संडास कुठं आहे?"

"आहे की," अण्णा म्हणाले, आता जरा अभिमानानं. "टाइल्स लावून बांधलाय. लोक घाण करतात म्हणून कुलूप ठेवलंय. चावी माझ्याकडं असते. मागितली की देतो. कुणाला नाही म्हणालो का आजवर?"

"इथं व्यापारी बसलेले असतात सर," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्यासमोर रोज मागायची? आणि तुम्ही बँकेत गेलात की चावी बँकेत जाते."

"मागायची की. त्यात काय."

"तुम्ही कधी कुणाकडं मागितली?"

अण्णांच्या कपाळावरची विभूती घामानं ओली झाली. तेवढ्यात दार ढकलून मामाचं डोकं आत आलं. त्याचा एक हात मागं ताणलेला होता, कारण तो हात बाहेर आबांनी धरून ठेवला होता.

"म्हंजे गड्यानं जायचं म्हनलं तर बी मालकाची परवानगी?" मामा म्हणाला. "आमच्याकडं सालगड्याला आख्खं रान मोकळं असतंय."

"हे कोण?" अण्णांनी विचारलं.

"माझे मामा. बाहेर वडील आहेत. साक्षीला आलेत."

"साक्षीला? मी काय म्हैस विकायला बसलोय का?"

"इकायला न्हाय, तुमी घ्यायला बसलाय," मामा म्हणाला. "आनि म्हैस न्हाय, आमची भाची हाय. बी.कॉम."

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी तोंडाला रुमाल लावला. मला मात्र हसू येत नव्हतं. माझ्या डोळ्यापुढं क्रेटवर क्रेट चढत चालले होते. पण एकदा नांगर घातल्यावर रान अर्धं सोडून चालत नाही. मी म्हटलं, "अण्णा, मगाशी अपेक्षा विचारल्या होत्या, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं. ती चावी बाहेर खिळ्याला पाहिजे. कुणी कुणाला मागायची नाही. शिलाईच्या बायकांनीही नाही. आणि मी गेले तर माझ्या मागून येणारीला माझ्याबद्दल नीट सांगायचं. एवढंच. बाकी काम मी चोख करीन, ते तुम्ही बघालच."

अण्णांनी नमुन्यातल्या एका टॉवेलनं कपाळ पुसलं आणि तो खांद्यावर टाकला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटत होतं आपण कुलूप लावून संडास सांभाळलाय. मग त्यांनी खिशातला जुडगा काढला आणि एक किल्ली सोडवायला लागले. कडी घट्ट, नख मागं सरलं, "अय्यो" म्हणाले. मॅडमनी केसातली पिन काढून दिली. किल्ली सुटली आणि टेबलावर पडली.

मॅडम उठल्या. त्यांनी किल्ली उचलली, साडीचा पदर नीट केला आणि कुणालाही काही न विचारता दार उघडून शेडच्या दुसऱ्या टोकाकडं चालत गेल्या. माग बंद असल्यानं त्यांच्या चपलांचा आवाज शेवटपर्यंत ऐकू येत होता. मुलाखत तेवढा वेळ थांबली. अण्णा छताकडं बघत होते, मामा नमुन्यांकडं, आणि आबा, जे एव्हाना उंबऱ्यात येऊन उभे होते, स्वतःच्या पायताणाकडं.

शेवटी काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून अण्णांनी आबांना विचारलं, "घरी पण अशीच विचारते का ही?"

"घरात कुटं इच्यारती," आबा म्हणाले. "घरात सांगती."

अण्णा पहिल्यांदा हसले. आणि नेमकं ते हसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला, अगदी नको त्या वेळी. मॅडम जात होत्या त्या चावीमुळं. चावी तर सुटली. आता त्या कशाला जातील? आणि त्या गेल्या नाहीत तर ही जागा तरी कुठं रिकामी आहे? मी स्वतःच्या हातानं, साक्षीदार बसवून, माझीच खुर्ची काढून घेतली होती. आबांच्याही हे ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

मॅडम परत आल्या. किल्ली टेबलावर ठेवली. अण्णांनी तोच प्रश्न विचारला जो मला नको होता. "मॅडम, एवढंच होतं तर आधी बोलायचं की. आता थांबता का?"

मी मॅडमकडं बघत होते. त्यांनीही माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांना सगळं दिसलं असणार: माझी कोपरे दुमडलेली फाइल, आबांच्या हातातली टोपी, मामाची इस्त्री. पण त्यांनी माझ्यावर दया केली असं मला आजही वाटत नाही. त्या म्हणाल्या, "नाही सर. दुसरीकडं मी शब्द दिलाय. तिथं मी पहिल्याच दिवशी आधी चावी कुठं असते ते बघून आले. आणि मला हे सांगायला वर्ष लागलं, यांना लाइट जायला लागला तेवढाच वेळ लागला. यांनाच घ्या. पण एक करा. खिळा मी असतानाच ठोका. माझ्या मागं तुम्ही विसराल."

"विसरीन कसा?"

"अण्णा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्यांना सर न म्हणता अण्णा म्हटलं, ते पहिल्यांदाच असावं, कारण अण्णा लगेच उठले.

तेवढ्यात लाइट आली. माग पुन्हा खडखडायला लागले. अण्णा मागाच्या दुरुस्तीवाल्याकडून हातोडी आणि एक दांडगा खिळा घेऊन आले, खांद्यावर टॉवेल तसाच. "सोमवारी यायचं," ते मला ओरडून म्हणाले. "पगाराचं मॅडमशी बोल. त्यांना होता तोच."

"आनि दिवाळीला?" मामा ओरडला.

"दिवाळीचं दिवाळीला." अण्णांनी चहा सांगायला कुणाला तरी हात केला.

अण्णा उंच माणूस. त्यांनी खिळा आपल्या डोळ्यांच्या पातळीला धरला आणि हातोडी उगारली. आबा सकाळपासून मला गप राहायला सांगत होते, आणि स्वतःही बऱ्यापैकी गप राहिले होते. आता मात्र ते पुढं झाले, मालकाचा हात धरला आणि सगळ्या मागांच्या वर आवाज चढवून म्हणाले, "आणखी खाली घ्या. हितं. आमची पोरगी बुटकी हाय."

शिलाईच्या बायका हसल्या. मी बुटकी असल्याचं त्या कारखान्यात असं सगळ्यांत आधी माझ्या वडिलांनी जाहीर केलं, आणि खिळा वीतभर खाली ठोकला गेला.